दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

ठाण्याहून दिल्लीला विमानाने जायचं तर आता दोन वाटा आहेत, एक मुंबईतल्या सहारची आणि दुसरी नवी मुंबईतल्या उलव्याची. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तेव्हापासून तिकीट काढताना घरोघर एकच प्रश्न निघतो, ‘कुठून जवळ पडेल?’ नकाशावर बोट ठेवून याचं उत्तर मिळत नाही, कारण विमानप्रवासात चार वेगळे आकडे असतात आणि आपण ते एकमेकांत मिसळतो. पहिला सरळ हवाई अंतराचा. दुसरा विमान प्रत्यक्ष किती किलोमीटर उडालं त्याचा. तिसरा तिकिटावर छापलेल्या वेळेचा. चौथा आपल्या दारापासून समोरच्या दारापर्यंत लागणाऱ्या वेळेचा. रजा टाकताना, गाडी ठरवताना कामाचा असतो तो चौथा, पण तो काढायला पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागते.

लागणारं सामान फार नाही: मोबाइल, त्यातला कॅल्क्युलेटर आणि पंधरा मिनिटं.

पायरी १: शहर नको, विमानतळ नक्की करा

‘मुंबई ते गोवा’ असं शोधलं की चूक तिथूनच सुरू होते. मुंबई म्हणजे सहार की उलवे? गोवा म्हणजे दाबोळी की मोपा? दाबोळी आणि मोपा यांच्यात सरळ रेषेतच ४० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्याला मोपा सोयीचं, तर मडगावला जाणाऱ्याला दाबोळी. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन आणि सिटी अशी नावं दिसतात. न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या विमानतळांपैकी न्यूअर्क तर शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे.

घोळ टाळायचा तर तीन अक्षरी कोड बघा. सहारचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय, दिल्लीचा डीईएल, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. बॅगेला लावलेल्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत असतो तोच हा कोड. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक मात्र चार अक्षरी कोड वापरतात: सहारला व्हीएबीबी, नवी मुंबईला व्हीएएनएम. विमानाचा माग दाखवणाऱ्या काही अ‍ॅपमध्ये हाच दिसतो, तो पाहून गोंधळू नका.

पायरी २: अक्षांश-रेखांश मिळवा

मोबाइलच्या नकाशात विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरलं की खूण उमटते आणि दशांशात दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्याला दोन दशांश स्थळं पुरतात. पुढच्या उदाहरणांसाठी हे आकडे जवळ ठेवा:

सहार (मुंबई): १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
नवी मुंबई: १८.९९ उत्तर, ७३.०७ पूर्व
दिल्ली: २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व
बेंगळुरू: १३.२० उत्तर, ७७.७१ पूर्व
दुबई: २५.२५ उत्तर, ५५.३६ पूर्व
लंडन हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम

इथे हमखास होणारी चूक अंश-मिनिटांची. काही ठिकाणी दिल्लीचा अक्षांश ‘२८ अंश ३४ मिनिटं’ असा दिलेला असतो. तो २८.३४ नव्हे. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ३४ भागिले ६० केल्यावर ०.५७ येतात आणि अक्षांश होतो २८.५७. एवढ्या चुकीने पंचवीसेक किलोमीटर इकडे-तिकडे होतात. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश यांना वजा चिन्ह लावायचं, तेही विसरू नका.

पायरी ३: सरळ हवाई अंतर काढा

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, मग तुम्ही पृथ्वीवर कुठेही असा. रेखांशाचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सगळ्यांत लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत शेवटी एका बिंदूत मिळतात. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर काढताना १११ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. साधारण आकडे असे: १५ अंशाला ०.९७, २० ला ०.९४, २५ ला ०.९१, ३० ला ०.८७.

नवी मुंबई ते दिल्ली करून बघू. अक्षांशांतला फरक ९.५८ अंश. त्याला १११ ने गुणलं की उत्तर-दक्षिण अंतर १,०६३ किलोमीटर. रेखांशांतला फरक ४.०३ अंश. मधला अक्षांश २३.७८, त्याचा कोसाइन ०.९१५. म्हणून ४.०३ गुणिले १११ गुणिले ०.९१५, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर ४०९ किलोमीटर. आता पायथागोरस: दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर १,१३९, म्हणजे धरून चाला १,१४० किलोमीटर.

हेच गणित सहारवरून केलं तर १,१३७ येतात. फरक तीन किलोमीटरांचा, म्हणजे विमानाची पंधरा सेकंदंही नाहीत. ‘कुठून जवळ’ या प्रश्नाचा हवेतला भाग इथेच संपला. दोन्हीकडून दिल्ली सारखीच लांब, खरा फरक जमिनीवर आहे. बेंगळुरूसाठी नवी मुंबईहून ८११ आणि सहारवरून ८३३ किलोमीटर येतात. त्या बावीस किलोमीटरांनीही वेळापत्रकात काही हलत नाही.

गणिताचा कंटाळा असेल तर नकाशातच ‘अंतर मोजा’ ही सोय आहे. एका विमानतळावर खूण करा, ती निवडा आणि रेषा दुसऱ्या विमानतळापर्यंत ओढा. तरी एकदा हाताने करून बघावं, कारण संकेतस्थळावर दिसणारा आकडा कोणत्या मापात आहे ते ओळखता आलं पाहिजे. तेच दिल्लीचं अंतर १,१४० किलोमीटर, ७०८ मैल किंवा ६१६ नॉटिकल मैल असं तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, मुळात अक्षांशाचं एक मिनिट. ‘६१६’ हा आकडा किलोमीटर समजून पुढचा हिशेब केला की वेळ जवळपास निम्मा येतो, आणि मग लोक म्हणतात की विमान उगीच वेळ काढतं.

पायरी ४: पल्ला लांबचा असेल तर सपाट गणित सोडा

वरची रीत पृथ्वीचा तेवढा तुकडा सपाट मानते. भारतात ती छान चालते, दुबईपर्यंतही चालते (मुंबई-दुबई १,९२६ किलोमीटर). पुढे मात्र ती घसरते. लंडनला ३४० किलोमीटर जास्त दाखवते. न्यूयॉर्कला तर सपाट गणिताने १४,३०० च्या वर किलोमीटर येतात, खरं अंतर १२,५३० च्या आसपास आहे.

कारण समजायला शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई-न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा अरबी समुद्र-आफ्रिका असा पश्चिमेला जात नाही. तो वायव्येकडून वर चढत जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत पोचतो आणि मग खाली उतरतो. गोलावरचा सगळ्यांत आखूड रस्ता तोच. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा रस्ता मोठी कमान घेतल्यासारखा दिसतो, म्हणून पायलट वळसा घालतोय असं वाटतं.

लांब पल्ल्यासाठी रीत अशी. कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक मोबाइलमध्ये साइन-कोसाइनची बटणं उघडतात. कोनाचं माप अंशांत आहे ना ते आधी बघा. रेडियनवर राहिलं तर उत्तर पूर्ण वेडंवाकडं येतं, आणि ते वेडंवाकडं आहे हे कळतही नाही. मग:

पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्या अक्षांशाचा साइन. मुंबई-लंडनसाठी ०.३२७ गुणिले ०.७८२, म्हणजे ०.२५६.

पहिल्याचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. फरक ७३.३२ अंश, कारण लंडन शून्याच्या पलीकडे पश्चिमेला आहे, तेव्हा वजाबाकीची बेरीज होते. ०.९४५ गुणिले ०.६२३ गुणिले ०.२८७, म्हणजे ०.१६९.

दोन्हींची बेरीज ०.४२५. याचा उलटा कोसाइन घ्या: सुमारे ६४.९ अंश. त्याला १११.२ ने गुणा. उत्तर ७,२०० च्या थोडं वर.

विमान प्रत्यक्षात याहून जास्तच उडतं. उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायचं आणि मग वळायचं, ठरलेल्या हवाई मार्गावरून जायचं, लष्करी क्षेत्रं टाळायची, उतरताना रांगेत यायचं. देशात हा वाढावा थोडा असतो. परदेशी प्रवासात तो एकाएकी मोठा होऊ शकतो. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून लांबचा फेरा पडला. मुंबईहून आखातात जाणारी विमानं मुळातच अरबी समुद्रावरून जात असल्याने तिथे एवढा फरक पडला नाही. नकाशावर अंतर तेच, वेळ मात्र दीड-दोन तासांनी बदलतो, तो असा.

पायरी ५: अंतरावरून वेळ काढा

बहुतेकांची गाडी इथे अडते. विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर असं कुठेतरी वाचलेलं असतं, १,१४० ला ८३० ने भागलं की एक तास बावीस मिनिटं येतात, आणि तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास छापलेलं असतं. उरलेली पन्नासेक मिनिटं गेली कुठे?

तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमानाच्या चाकांना लावलेले अडथळे काढून ते जागेवरून हललं, तिथून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहून चाकांना पुन्हा अडथळे लागले तोपर्यंतचा तो काळ. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात मागे ढकलून इंजिनं सुरू करायला पाच-सात मिनिटं जातात. धावपट्टीपर्यंत सरपटायला आणि रांगेत थांबायला दहा ते वीस. चढताना वीस-पंचवीस मिनिटं वेग पूर्ण नसतो. आणि उतरण्याची सुरुवात तर फारच आधी होते. उंचीच्या दर हजार फुटांमागे तीन नॉटिकल मैल असा ठोकताळा आहे. म्हणजे ३५,००० फुटांवरून उतरायला १०५ नॉटिकल मैल, जवळपास १९५ किलोमीटर. दिल्लीला जाताना जयपूरच्या आसपासच विमान नाक खाली घेऊ लागतं ते यामुळे. १०,००० फुटांच्या खाली वेग २५० नॉटच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर. शेवटी उतरल्यावर पुन्हा सरपटणं. दिल्लीला धावपट्टी कोणती मिळते त्यावर ते पाच मिनिटांचं की वीस मिनिटांचं हे ठरतं.

हे सगळं एका सूत्रात बसवता येतं: ४५ मिनिटं ठरलेली, आणि त्यावर दर १०० किलोमीटरला साडेसात मिनिटं. साडेसात मिनिटं म्हणजे ताशी ८०० किलोमीटर. खऱ्या वेगापेक्षा थोडे कमी धरलेत, म्हणजे मार्गातला वाढावा त्यात मुरतो.

दिल्ली: ११.४ गुणिले ७.५ म्हणजे ८५, अधिक ४५, एकूण २ तास १० मिनिटं. नवी मुंबई-बेंगळुरू: ६१ अधिक ४५, एकूण १ तास ४६. नवी मुंबई-मोपा, अंतर सुमारे ३७० किलोमीटर: २८ अधिक ४५, म्हणजे १ तास १३. मुंबई-दुबई: १४५ अधिक ४५, म्हणजे ३ तास १०. वेळापत्रकं उघडून ताडून बघा, दहा-पंधरा मिनिटांच्या आत जुळतात.

सूत्रात दोन फेरफार लागतात. पंख्यांचं छोटं एटीआर विमान असेल तर वेग ताशी पाचशेच्या आसपास, म्हणून दर १०० किलोमीटरला १२ मिनिटं धरा. तीन हजार किलोमीटरांच्या पुढे मोठी विमानं असतात, त्यांना दर १०० किलोमीटरला ७ मिनिटं आणि वर ५० धरा. लंडन मग सव्वानऊ तास येतं, पण वाट आणि वारा दोन्ही अनुकूल असतील तरच.

त्या ठरलेल्या ४५ मिनिटांकडे नीट बघितलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. मुंबई-पुणे हवाई अंतर १२४ किलोमीटर. विमानाचा वेळ ५४ मिनिटं, त्यातली ९ प्रत्यक्ष अंतराची! तासभर आधी जाऊन रांगेत उभं राहणं धरलं तर शिवनेरी बरी.

कंपन्या वेळापत्रकात थोडी जास्तीची मिनिटंही पेरतात. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान ‘वेळेवर’ धरलं जातं आणि त्याचे आकडे जाहीर होतात, म्हणून हात राखून वेळ लिहिलेली बरी पडते. वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं, त्यात फारशी जादू नसते.

पायरी ६: वारा कुठला ते बघा

जाता-येता वेळ वेगळा दिसला की छपाईची चूक समजू नका. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. कोलकात्याला जाताना तो पाठीवर आणि येताना तोंडावर.

मुंबई-कोलकाता १,६६० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ८३०, वारा ताशी १०० धरू. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९३०, वेळ १०७ मिनिटं. येताना ७३०, वेळ १३६ मिनिटं. अर्ध्या तासाचा फरक नुसत्या वाऱ्याने पडला. गंमत अशी, की दोन्ही मिळून २४३ मिनिटं होतात, आणि वारा नसता तर २४० झाली असती. जाताना मिळालेल्या फायद्याने येतानाचा तोटा पुरता भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

पावसाळ्यात चित्र पालटतं. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर फार उंचावर पूर्वेकडून वाहणारा झोत असतो, आणि खाली मुंबईवर ढग. त्या दिवसांत वाऱ्यापेक्षा आकाशात घिरट्या घालत थांबणं जास्त वेळ खातं. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. जोराच्या सरीने दहा-पंधरा मिनिटं काम थांबलं तरी मागे मोठी रांग लागते. जुलैत संध्याकाळी उतरायचं असेल तर सूत्राच्या उत्तरात ३० मिनिटं मिळवा.

नेमकं जाणून घ्यायचं असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर त्याच क्रमांकाच्या विमानाचे मागचे सात दिवस बघा. ठरलेली वेळ आणि खरी वेळ दोन्ही दिसतात. सरासरीपेक्षा सगळ्यांत वाईट दिवस ध्यानात ठेवा.

पायरी ७: घड्याळं जुळवा

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून सकाळी १०.०० ला निघून दुबईला ११.४५ ला पोचतो असं दिसलं, तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, म्हणून खरा वेळ सव्वातीन तास. परतताना रात्री १०.०० ला निघून मुंबईत २.३५ ला पोचलात, तर दुबईचे रात्रीचे १० म्हणजे आपले ११.३०. खरा वेळ ३ तास ५ मिनिटं, आणि तारीख दुसऱ्या दिवसाची.

नियम सोपा: आधी दोन्ही वेळा भारतीय करा, मगच वजाबाकी. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार. तिथली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. त्या आठवड्यात कुणाला आणायला विमानतळावर जायचं असेल तर वेळ पुन्हा तपासा.

तारखेची चूक सगळ्यांत महागडी. रात्री १२.४० चं विमान म्हणजे आदल्या रात्री घरातून निघायचं. ‘१५ तारखेचं तिकीट’ म्हणून १५ च्या रात्री विमानतळावर पोचणारे आजही असतात.

ब्लॉक टाइम आणि अंतर खिशाशी कुठे जोडलेले आहेत

हे गणित नुसत्या कुतूहलाचं नाही. वेळेत न कळवता कंपनीने विमान रद्द केलं आणि कारण तिच्या हाताबाहेरचं नसेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत भरपाई ब्लॉक टाइमवरच ठरते. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांहून जास्त असेल तर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. उशीर झाल्यावर खाण्यापिण्याची सोयही त्याच हिशेबाने मिळते. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की, अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास झाला की. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने भाड्यांवर तात्पुरती मर्यादा घातली, तीही अंतराच्या टप्प्यांनी: ५०० किलोमीटरपर्यंत, ५०० ते १,०००, १,००० ते १,५०० आणि त्यापुढे. बेंगळुरू दुसऱ्या टप्प्यात, दिल्ली तिसऱ्या.

पायरी ८: घरापासून उलटं मोजत या

आता तो चौथा आकडा. सुटण्याच्या वेळेपासून मागे या. समजा उलव्याहून सकाळी ७.०० चं दिल्लीचं विमान आहे आणि बॅग टाकायची आहे. बोर्डिंगचं गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं: ६.३५. बॅगेचा काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात: ६.००. रांगेला पाऊण तास धरा, म्हणजे विमानतळाच्या दारात ५.१५. ठाण्यातल्या माजिवड्याहून अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास. पहाटे तास धरला तर घर सोडायचं ४.१५ ला.

पुढचं जोडा: विमान २ तास १०, दिल्लीत उतरून बॅग मिळेपर्यंत ४० मिनिटं, मग टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन साधारण २० मिनिटं, चालणं-थांबणं धरून ३०. माजिवड्यापासून नवी दिल्ली स्टेशनपर्यंत सहा तास पाच मिनिटं. त्यातले हवेत फक्त पावणेदोन तास.

कोणता विमानतळ घ्यायचा, ते या जमिनीवरच्या भागावर ठरवा. वाशीपासून पुढे, म्हणजे नेरुळ, बेलापूर, खारघर, पनवेल, इथे विचार करायचं कारण नाही, उलवेच. ऐरोली-घणसोलीला दोन्ही जमतं, तरी पहाटे उलवे सरस. ठाणे शहरातून किलोमीटर मोजले तर सहार जवळ पडतं, वीस-पंचवीसच्या घरात. पण ती वाट पूर्व द्रुतगती मार्गावरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला जाते. गांधीनगर ते पवई हा पट्टा सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ इतका तुंबतो की किलोमीटरला अर्थ राहत नाही. उलव्याची वाट लांब, पण जास्त भरवशाची: ऐरोली पूल किंवा विटावा, ठाणे-बेलापूर रस्ता, तुर्भे, मग शीव-पनवेल महामार्ग, उरण फाटा आणि आम्र मार्ग. तिला दोन खोडी आहेत. पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, तेव्हा कळव्याकडून न जाता ऐरोली पुलानेच जा. आणि उरण फाट्याच्या पुढे बंदराचे कंटेनर ट्रेलर असतात, ते रांगेने निघाले की वीस मिनिटं सहज खातात. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, तेव्हा जुन्या हिशेबातून तो वजा करा.

सामान थोडं असेल तर सहारला मेट्रो वापरा. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि मरोळ नाक्याला मेट्रो ३ पकडून टर्मिनल २ चं स्टेशन. रस्ता बंद पडला तरी हा वेळ फारसा बदलत नाही. तिकिटावर टर्मिनल १ की २ ते आधी बघा. दोन्ही सहार-सांताक्रूझ भागात असली तरी एकमेकांपासून रस्त्याने काही किलोमीटर लांब आहेत, आणि मेट्रो ३ वर त्यांची स्टेशनंही वेगळी.

सहारला उतरून उलव्याहून पुढचं विमान असेल तर

सरळ रेषेत दोन्हींत जेमतेम २४ किलोमीटर, पण मध्ये खाडी आहे. रस्त्याने ३५ ते ४० होतात. एक वाट चेंबूर, वाशी पूल, बेलापूर अशी. दुसरी शिवडीवरून अटल सेतूने, २१.८ किलोमीटर लांबीच्या त्या पुलावर कारला एकेरी २५० रुपये टोल. दुचाकी आणि रिक्षा तिथे सोडत नाहीत. रस्ता मोकळा असेल तर सव्वा तास, संध्याकाळी दोन तास धरावेत.

परदेशातून टर्मिनल २ ला उतरून नवी मुंबईहून नागपूरला जायचं असं समजा. इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स यांना ९० मिनिटं. रस्ता १२० मिनिटं. काउंटर बंद होण्याआधीची ६० मिनिटं. पहिलं विमान उशिरा आलं तर त्यासाठी ६० मिनिटं. बेरीज साडेपाच तास. यापेक्षा कमी अंतर ठेवून दोन तिकिटं काढू नका. तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असतील तर पहिल्या कंपनीच्या उशिरामुळे दुसरं विमान चुकलं, तरी दुसरी कंपनी तुम्हाला ‘हजर नाही’ असंच धरते आणि भाडं बुडतं. बॅगही आपोआप पुढे जात नाही, ती सहारला पट्ट्यावरून उचलून आपल्यालाच न्यावी लागते. तिकीट शोधणारी संकेतस्थळं ‘मुंबई’ म्हणून दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत दाखवू शकतात आणि मधला बदल बारीक अक्षरांत लिहितात. पैसे भरण्याआधी बीओएम आणि एनएमआय ही अक्षरं दोन्ही ओळींत डोळ्यांनी वाचा.